वाट दाखवणारा पोरगा

१९७४ ची दिवाळी नुकतीच सरलीय. तू बारा वर्षांचा आहेस, सातवीत शिकतोस, आणि सिल्लोडच्या एसटी स्टँडजवळच्या रस्त्यावर अनवाणी उभा आहेस. कापसाने भरलेल्या बैलगाड्या एकामागे एक लागल्यात. बैल सोडून कडुनिंबाखाली बांधलेत, गाडीवान गाडीखालीच आडवे झालेत. कुणाच्या तरी अंगणात लाल मिरची वाळत पडलीय आणि वाऱ्याच्या झुळकेबरोबर तिचा खाट थेट नाकात शिरतो. तुला सटासट शिंका येतात.

दोन वर्षांपूर्वी हाच रस्ता कसा होता ते तू विसरलेला नाहीस. बहात्तरचा दुष्काळ. अण्णा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. माय मिलोच्या लाल भाकरी थापायची. त्या तव्यावरच तुटायच्या. शाळेत सुकडी मिळायची, ती तू रुमालात बांधून घरी आणायचास. गेल्या साली पाऊस परतला, विहिरींना पाणी आलं, आणि तुला पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधून कुणीतरी विहिरीत ढकललं. आता तू डब्याशिवाय पोहतोस.

तुझ्या एका खिशात गलोल आहे, दुसऱ्यात सुतळी. काखेत वर्तमानपत्राचं कव्हर घातलेला ‘किशोर’चा अंक. जिल्हा परिषद प्रशालेच्या कपाटातला आहे. सुट्टीपुरता घरी न्यायला गुरुजींनी दिला, तेव्हा म्हणाले होते, “पान दुमडलं ना, तर पुढचा अंक बंद.” त्यामुळे तो तू पोळीसारखा दोन्ही हातांवर धरून आणलास.

‘किशोर’ तुझ्याहून लहान आहे. पाठ्यपुस्तक मंडळाने, म्हणजे आपल्या बालभारतीने, तो १९७१ च्या नोव्हेंबरात सुरू केला. वसंत शिरवाडकर त्याचे पहिले संपादक. दुष्काळाच्या ऐन तोंडावर निघालेलं हे मासिक सिल्लोडसारख्या गावात पोचलं, एका अंकाला तीस-चाळीस हात लागले, आणि एवढं होऊनही ते फाटलं नाही. माझ्या मते त्या काळातली ही मोठी गोष्ट होती. तालुक्याच्या गावात मुलांसाठी पुस्तकांचं दुकान नव्हतं. स्टँडवर ‘चांदोबा’ मिळायचा. तो १९५२ पासून मराठीत मद्रासहून येत होता. त्यात राजे होते, राक्षस होते, विक्रमाच्या खांद्यावरचं प्रेत होतं. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ कुणाकडून तरी उसना मिळायचा, तोही एका रात्रीच्या बोलीवर. पण तू स्वतः उठून करून बघावंस असं काही त्यात नसायचं. तसलं काही हवं असेल तर गुरुजींची पेटी.

गुरुजींच्या घरी चल. घर जुन्या वस्तीत आहे, दार बुटकं आहे, डोकं सांभाळ. ओसरीवर पत्र्याची पेटी आहे. तिला कुलूप नाही, कारण तिच्यात पुस्तकंच आहेत हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. गुरुजींनी झाकण उघडलं की डांबराच्या गोळ्यांचा वास येतो.

“हे घे. ‘आनंद’ आहे. माझ्या लहानपणचा.”

कागद पिवळा, कडा मोडतात. गुरुजी पान उलटताना बोटाला थुंकी लावत नाहीत. तळहाताने खालून पान उचलतात. तूही तसंच कर.

गुरुजींचं लहानपण निजामाच्या राज्यात गेलं. सिल्लोड तेव्हा हैदराबाद संस्थानात होतं आणि वरच्या वर्गांत शिकवणं उर्दूतून चाले. गणित उर्दूत, भूगोल उर्दूत. अजूनही हिशेब करताना गुरुजी पुटपुटतात ते उर्दू आकडे. शाळेत मराठी कमी, म्हणून मराठी वाचायला मिळायची ती टपालाने. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली पुण्यात ‘आनंद’ काढला. त्याही आधी, १८८१ मध्ये, विनायक कोंडदेव ओकांनी ‘बालबोध’ सुरू केला होता. त्यात थोरांची चरित्रं, निबंध, सृष्टीतल्या गमती असत. गंमत अशी की इंग्लंडातल्या मुलांचं गाजलेलं ‘बॉइज ओन पेपर’ हे साप्ताहिकही जवळपास त्याच वेळी, १८७९ मध्ये निघालं. जगाच्या दोन टोकांना एकाच सुमारास मोठ्या माणसांच्या लक्षात आलं की पोरांना वाचायला स्वतःचं काहीतरी लागतं.

तिकडच्या साप्ताहिकात जहाजं बुडत, बेटं सापडत, सैनिक घोडे उधळत. त्यांच्या शाळकरी पोरांना वेलिंग्टन पाठ असे, आणि त्याची असईची लढाईही. ते असई इथून फार लांब नाही. भोकरदनच्या अंगाला, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांची फौज आणि इंग्रज भिडले. गुरुजी सांगतात तेव्हा तू विचारतोस, “मग ह्यात आपल्याकडच्या पोराची गोष्ट का नाही?” गुरुजी तुझ्याकडे बघत राहतात. म्हणतात, “शोध. सापडली तर मला पण सांग.”

पेटीच्या तळाशी एक अंक आहे. त्याचं मुखपृष्ठ गेलंय, पहिली पानं गेलीत, मासिकाचं नाव कळायला मार्ग नाही. पण ‘मुलांनो, हे करून पाहा’ असं सदर शाबूत आहे. तंबू कसा ठोकावा, पक्ष्यांची वही कशी ठेवावी, दोरीच्या गाठी कशा माराव्यात. १९०७ साली बेडन-पॉवेलने इंग्लंडातल्या ब्राउनसी बेटावर पोरांची पहिली छावणी भरवली, पुढच्या वर्षी त्याचं स्काउटिंगचं पुस्तक आलं, आणि बघता बघता ही सगळी विद्या जगभरच्या मासिकांत शिरली. आपल्याकडे तिला बालवीर चळवळ म्हणू लागले. १९५० साली भारत स्काउट्स अँड गाइड्स झाली तरी लोकांच्या तोंडी बालवीरच राहिला.

गाठींची चित्रं बघून तुला हसू येतं. ही तर सुरगाठ. बैलाचं दावं तू रोज हिनेच बांधतोस, अंधारातसुद्धा, एका हाताने. गुरुजी सुतळी देतात, तू पापणी लवायच्या आत गाठ मारून, ओढून, सोडून दाखवतोस. मग ते चित्रातली दुसरी गाठ दाखवतात. ती जमत नाही. ती समुद्रावरच्या माणसांची गाठ आहे. संध्याकाळपर्यंत तू ओसरीच्या खांबाला ती मारत बसतोस.

गलोलीचं काय करायचं तेही गुरुजींनी ठरवून ठेवलंय, पण ते उपदेश करत नाहीत. मुंबईच्या एका मुलाची गोष्ट सांगतात. छर्र्यांच्या बंदुकीने त्याने एक चिमणी पाडली. गळ्याशी पिवळा ठिपका. ही कोणती म्हणून मामांना विचारलं, मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं, आणि तिथल्या मिलर्डसाहेबांनी कपाटं उघडून भुसा भरलेले पक्षी दाखवले. तो मुलगा सालिम अली. पुढे १९३१-३२ मध्ये ह्याच हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी त्यांनी केली. “त्या साली मी तुझ्याएवढा,” गुरुजी म्हणतात, “आणि मलाही पिवळ्या गळ्याची चिमणी माहीत होती. पण विचारायला कुणी नव्हतं.”

तो बिननावाचा अंक गुरुजी तुला घरी न्यायला देतात.

घरी आल्यावर तो तुझ्या हातात राहत नाही. ताई आधी वाचते. ती तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी, आणि चुलीपाशी बसून भाकरी थापता थापता वाचण्याची तिची रीत आहे: डावा गुडघा वर, गुडघ्यावर अंक, नजर एकदा तव्यावर, एकदा पानावर. पानाच्या कोपऱ्यात बाजरीच्या पिठाचा तिच्या अंगठ्याचा ठसा उमटतो. तू ओरडतोस. ती फुंकर मारून पीठ उडवते आणि वाचत राहते. जुन्या मासिकांत धाडस म्हटलं की मुलगा, तंबू म्हटला की मुलगा, नकाशा म्हटला की मुलगा. संपादकांना कल्पनाही नसेल की तालुक्या-तालुक्यांत त्यांची सगळ्यांत बारकाईने वाचणारी वाचक ही चुलीपाशी बसलेली मुलगी होती. मला हे फार लागतं. कारण ‘करून पाहा’मधलं होकायंत्र त्या घरात पहिल्यांदा चाललं ते ताईच्या हातून.

बघ कसं. अंकात लिहिलंय की शिवणाची सुई घ्या, लोहचुंबक घ्या, बुचाचा तुकडा घ्या. सुई मायच्या डब्यात आहे. लोहचुंबक तू रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून आणलंस, फुटक्या स्पीकरच्या पाठीचं, जड आणि काळं. बूच मात्र सिल्लोडात मिळेना. तू हिरमुसलास. ताई उठली, कडब्यातून ज्वारीचं एक धांडं ओढून आणलं, नखाने वरची साल सोलली आणि आतला पांढरा गाभा बोटभर कापला. तोच गाभा, ज्याच्या पोरं बैलगाड्या करतात. पितळी वाटीत पाणी घेतलं. सुई चुंबकावर घासायला तुला दिली, पण बजावलं, “एकाच बाजूनं घास. पुढं नेताना टेकव, मागं आणताना उचल. पुढं-मागं केलं तर काहीच होणार नाही.” तू पन्नासेक वेळा घासलीस. गाभ्यात सुई आडवी टोचली. पाण्यावर सोडली.

गाभा आधी वाटीच्या कडेला जाऊन चिकटला. ताईने गवताच्या काडीने त्याला मध्ये ढकललं. मग सुई हलली. अगदी संथ, जसं कुणी झोपेत कूस बदलावी. फिरली, थोडी पुढे गेली, मागे आली, थांबली. तू वाटी फिरवलीस; सुई फिरली नाही. एक टोक गोठ्याकडे, दुसरं मशिदीच्या मिनाराकडे. पुन्हा ढवळलं, पुन्हा तेच.

“आता खरं का खोटं ते रात्री कळंल,” ताई म्हणाली.

रात्री तुम्ही दोघं माळवदावर चढलात. अंकात छापलं होतं की सप्तर्षी शोधा, त्यातल्या पुढच्या दोन ताऱ्यांची रेघ वाढवा, ध्रुव सापडेल. तुम्ही सगळं आभाळ चाळलं. सप्तर्षी नाहीतच. तू म्हणालास, मासिक खोटं आहे. ताईने उत्तर दिलं नाही. अंक उजेडाकडे धरून तिने ते पान पुन्हा वाचलं, मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. सप्तर्षी मावळलेले असतील तेव्हा शर्मिष्ठेवरून शोधावा, असं तिथे बारीक टाइपात होतं. सिल्लोडहून नोव्हेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, थेट उत्तररात्री वर येतात. शर्मिष्ठा मात्र उत्तरेला उंच लटकलेली. पाच तारे, वाकडे-तिकडे, मोडक्या खाटेच्या पायांसारखे. त्यांच्या खाली, एकटा, फिकट: ध्रुव. आणि सुईचं टोक बरोबर त्याच्याकडे.

आता हात पुढे ताण. पंजा पसर. करंगळी क्षितिजावर टेकव आणि अंगठा वर ने. एक वीत. ध्रुव बरोबर तुझ्या अंगठ्यापाशी येतो, कारण हात ताणून धरलेली वीत साधारण वीस अंशांची असते आणि सिल्लोडचा अक्षांशही जवळपास वीसच आहे. लंडनच्या पोराने आपल्या छपरावरून हेच केलं तर त्याला अडीच विती मोजाव्या लागतील. तिकडच्या अंकात तसं चित्र असेल, आणि ते तिथे खरं असेल. तुमच्या गावच्या आभाळात ध्रुव एक वीतच वर आहे, हे मात्र कुठल्याच अंकात छापलेलं नव्हतं. ते तुम्ही दोघांनी मोजलं.

त्याच अंकात ती गोष्ट होती.

वाघाच्या मागावर निघालेला एक गोरा साहेब, दरीच्या काठावर उभा, बंदूक हातात. समोरच्या कड्यात झाडीतून डोकावणारी एक कोरीव कमान. खाली लिहिलेलं: अजिंठ्याचा शोध. साहेबाचं नाव जॉन स्मिथ, मद्रासच्या फौजेतल्या अठ्ठाविसाव्या घोडदळातला. तारीख २८ एप्रिल १८१९. चित्र साहेबाने भरून गेलेलं, पण डाव्या कोपऱ्यात, पाठमोरा, कमरेला चिंधी, हातात काठी, एक पोरगा होता. त्याचं बोट कमानीकडे. अख्ख्या गोष्टीत त्याच्या वाट्याला एकच ओळ आली होती: गुराख्याच्या पोराने वाट दाखवली.

ताईने त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. “हा कोण?”

“गुराखी.”

“ते दिसलं मला. कोण पण?”

तुला सांगता येईना. मग तिने वहीचं पान फाडलं आणि तुझ्यासाठी प्रश्न लिहायला बसली. सुट्टीत दादा तुला अजिंठ्याला नेणार, हे ठरलं होतं. ताईला नेणार नव्हते. माय म्हणाली, पोरीचं काय काम डोंगरात. ताई त्यावर काही बोलली नाही. तिने प्रश्नांची यादी लांबवली.

भल्या पहाटे एसटीत बस. खिडकीजवळची जागा दादा तुला देतो. माय बरोबर बाजरीच्या भाकरी, ठेचा आणि दिवाळीचे उरलेले शंकरपाळे देते. गोळेगाव मागे पडतं. दोन्ही बाजूंना कापूस, मधूनच उभी ज्वारी, आणि ज्वारीच्या मधोमध माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणारं एखादं पोर. होर्र होर्र अशी आरोळी, मग सटकन दगड, मग पाखरांचा थवा उठतो. त्या पोराने कुठलंही मासिक वाचलेलं नसेल. त्याला वारा कुठून आहे, पाखरं कुठल्या कोपऱ्यात उतरतात आणि दगड किती आधी सोडायचा, हे सगळं ठाऊक आहे.

पुढचं काही तुला माहीत नाही. तुझ्या दादाच्या हातात पुण्याहून आलेलं पुस्तक आहे, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, फुरसुंगीचा बनेश, सायकलवरून सुसाट जाणारा. १९८७ साली तो दूरदर्शनवर येईल आणि तुझी पोरं ‘ट्टॉक’ करत घरभर फिरतील. ‘किशोर’ची पन्नाशी उलटेल, आणि बालभारती त्याचे जुने अंक संगणकावर सगळ्यांना फुकट खुले करील. तू आता काखेत जपून नेलास तोही त्यात असेल. पण ते राहू दे. अजिंठा गाव आलं. उतर.

गावाला तट आहे, दरवाजे आहेत. १७२७ च्या सुमाराला निजाम-उल-मुल्कने इथे सराई बांधली. याच गावात रॉबर्ट गिल नावाचा फौजी चित्रकार वर्षानुवर्षं राहिला. १८४४ पासून त्याने लेण्यांमधल्या चित्रांच्या मोठमोठ्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. त्याची सोबतीण पारो इथेच मेली, १८५६ मध्ये. तिची कबर गावात आहे. दादा तिथे थांबायला तयार नाही. पायी निघा.

वाट पठारावरून लेणापूरच्या बाजूने जाते. ऊन चढलंय पण वारा गार. काटेरी झुडपांच्या मध्ये सीताफळाची झाडं, आणि त्यांच्यावर डोळे उघडलेली सीताफळं. तू एक काढतोस, दाबतोस, ते हातातच उकलतं. बिया थुंकत थुंकत चाल. साग, सालई, पळस. लांबवर दोन रोही तुमच्याकडे बघत उभ्या, मग एकदम उधळतात. तू कागद काढून सुई आणि वाटी मांडतोस, छागलीतून घोटभर पाणी ओतून. दादा हसतो. सुई उत्तर दाखवते. पण उत्तर कळून वाट कळत नाही, हे तुला पाच मिनिटांत समजतं. पठार सगळीकडे सारखंच. आणि मग काही न सांगता जमीन संपते.

खाली दरी. घोड्याच्या नालासारखा वळलेला उभा कडा, तळाशी वाघूर नदी, आणि एका अंगाला कुंडाकुंडांतून उतरणारी पाण्याची बारीक धार. कड्याच्या पोटात ओळीने काळी दारं. मध्ये एक उंच कमान. तुझ्या अंगावर काटा येतो, कारण चित्रात होती तीच ही. स्मिथ आला तेव्हा एप्रिलची अखेर, झाडांची पानगळ झालेली असणार. कमान त्याला सहज दिसली असेल. तुलाही दिसते. दिसत नाही ती खाली उतरायची वाट.

ती एका पोराला माहीत असते. तो तुझ्याच वयाचा, डोक्याला फडकं, पाच-सहा शेळ्या. मगापासून तुमची वाटी बघतोय. तू त्याला दाखवतोस. तो वाकून सुईकडे बघतो, मान वर करून सूर्याकडे बघतो, आणि मान डोलावतो. त्याला आधीच माहीत असलेली गोष्ट सुई सांगते आहे. “खाली जायचंय?” तो विचारतो. “माझ्या मागं मागं या. मी पाय देतो तिथंच पाय द्या. ढिल्या दगडाला हात लावू नका.”

आता जे होतं ते नीट बघ, कारण हे कुठल्याच अंकात छापलेलं नाही. तो समोर तोंड करून उतरत नाही, कड्याकडे तोंड करून उतरतो. बोटं आधी, मग टाच. गवताला धरत नाही. मुळाला धरतो, तेही आधी एकदा हलवून बघून. शेळ्यांच्या लेंड्या कुठे आहेत ते बघतो, कारण शेळी जिथून गेली तिथून माणूस जातो. एका ठिकाणी तो थांबतो, तुझी सुतळी मागतो, दादाच्या हातातली पिशवी तिने बांधून खाली सोडतो, म्हणजे दादाचे दोन्ही हात मोकळे. गाठ तीच. सुरगाठ. खाली पोचल्यावर एका झटक्यात सुटते.

नदीच्या दगडांवर बसून तुम्ही तिघं भाकरी खाता. शंकरपाळे तो आधी नको म्हणतो, मग मूठभर फडक्यात बांधून घेतो, लहान बहिणीला म्हणून. तू त्याचं नाव विचारतोस. यादीतला तो पहिला प्रश्न होता.

दहावं लेणं उंच आहे, खोल आहे, आणि आत शिरल्यावर क्षणभर काहीच दिसत नाही. शेवटाला स्तूप, दोन्हीकडे खांबांच्या रांगा. हे अजिंठ्यातल्या सगळ्यांत जुन्या लेण्यांपैकी एक; इसवी सनाच्या आधीचं. दाराशी एक माणूस मोठा आरसा धरून उभा आहे. तो बाहेरचं ऊन आरशावर घेतो आणि आत ढकलतो. उजेडाचा चौकोन भिंतीवरून सरकतो, आणि जिथे तो जातो तिथे माणसं जागी होतात: एक डोळा, एक कान, हत्तीची सोंड, कुणाचा तरी जोडलेला हात. तुझ्यासाठी तो उजेड उजवीकडच्या एका खांबावर नेतो. खांबावर बुद्धाचं चित्र रंगवलेलं. त्याच्यावर ओरखडे. तू पाचवीपासून इंग्रजी शिकतोस. एकेक अक्षर लावतोस. जॉन. स्मिथ. आणि तारीख.

अक्षरं तुझ्या डोक्याच्या कितीतरी वर आहेत, दादाच्याही. स्मिथ काही राक्षस नव्हता. तेव्हा लेण्यात पुरुषभर माती-दगड साचले होते. तो त्यांच्यावर उभा होता. कित्येक शतकं जपल्या गेलेल्या चित्रावर त्याने टोकदार काहीतरी ओढलं आणि आपलं नाव कोरलं. ह्याला शोध म्हणायचं, आणि ज्या पोराला ही जागा आधीच ठाऊक होती त्याला वाटाड्या म्हणायचं, हे मला कधीही पटलेलं नाही. फर्दापूरच्या, लेणापूरच्या, अजिंठ्याच्या गुराख्यांना ही लेणी ठाऊक होती. उन्हात गुरं ह्यांच्याच सावलीला बसत असतील. ठाऊक नव्हती ती साहेबाला.

आरसेवाला उजेड हलवतो. “चला, फर्दापूरला गाडी गाठायची असंल तर निघा.”

घरी पोचता तेव्हा रात्र झालेली. पाय भरून आलेत, गुडघा फुटलाय, खिशात सीताफळाच्या बिया. माय गरम पाणी काढते. ताई कंदील घेऊन समोर बसते, वही उघडते.

“कमान वरून दिसते?”

“दिसते.”

“वाट?”

“नाही. ती त्यानं दाखवली.”

“नाव विचारलंस?”

तू सांगतोस. ती ते वहीच्या पहिल्या ओळीत लिहिते, ठसठशीत. मग ओळ सोडते आणि दुसऱ्या पोराकडे वळते, चित्राच्या कोपऱ्यातल्या. त्याचीही गोष्ट लिहायची आहे, गुरुजींना द्यायची आहे, जमली तर मासिकाला पाठवायची आहे. पण त्याच्यापाशी जनावरं कोणती होती? तू म्हणतोस, शेळ्या, मी आज बघितल्या. दादा म्हणतो, गाई असणार, एवढ्या वाघाच्या रानात शेळ्या राहतील का. ताई म्हणते, वाघ होता म्हणूनच म्हशी, म्हशी वाघाला शिंगावर घेतात. अण्णा खाटेवरून ओरडतात की झोपा आता. कुणी झोपत नाही.